टाकीवरचा लाइट

बजाजनगर
४ ऑक्टोबर २०२५

माऊलीदादा,

तब्येत विचारायच्या आधीच वाईट बातमी सांगून टाकतो. तुझ्या टाकीवरचा लाइट गेला.

परवा संध्याकाळी विजा लई कडाडत होत्या. कंपनीतून घरी आलो तर जळाल्याचा वास. थोड्या वेळानं वीज आली, पंखे फिरले, पंप सुरू झाले, पण टाकीवरचा लाइट काही पेटला नाही. उघडून बघितला तर आतली पट्टी काळी ठिक्कर. दोन मेकॅनिकना दाखवला. दोघांनीही हात टेकले.

मासे ठीक आहेत. पण कोरलं सगळी मिटून बसलीत. संस्कृती शाळेतून आली की पहिल्यांदा टाकीकडं पळते. काल म्हणाली, "बाबा, माऊलीकाकाची फुलं उठतच नाहीत." तिला काय सांगणार?

त्या बांधावरच्या मारामारीत तुला शिक्षा लागली, दुकान मोडलं, तेव्हा मासे, पिंजरे, सगळं विकलंस. ही समुद्राच्या पाण्याची टाकी मात्र विकली नाहीस. आमच्या बैठकीत आणून ठेवलीस आणि म्हणालास, "मावसभाऊ म्हणून नाय, माणूस म्हणून सांभाळ." म्हणून विचारल्याशिवाय काही करवत नाही.

शहरातल्या दुकानात एक लाइट बघून आलो. काळा डबा, निळ्या आणि पांढऱ्या उजेडाची दोन बटणं. स्वस्तात आहे, उद्या मिळेल. दुसरा पुण्याहून मागवावा लागतो, बाहेरदेशी बनावटीचा. त्याची किंमत माझ्या पगाराच्या वर जाते. दुकानदार म्हणतो, दोन्हीत एलईडीच असते, उजेड तो उजेड. ज्ञानेश्वरीलाही तसंच वाटतं.

जेलातल्या तुझ्या फोनच्या यादीत मावशीचा आणि वकिलाचाच नंबर, म्हणून पत्र लिहितोय. कोणता घेऊ ते लवकर कळव.

तुझा,
सोमनाथ


११ ऑक्टोबर २०२५

सोमनाथ,

इथं पत्र आधी ऑफिसात वाचतात, मग हातात देतात. तुझं पत्र मिळेपर्यंत आठवडा गेला. आठवडाभर माझी कोरलं अंधारात, या विचारानं जेवण गेलं नाय.

त्या दुकानदाराला सांग, उजेड तो उजेड नसतो. कोरल हा जीव आहे. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं अन् कोरलला खाऊ घालतं. स्वस्त लाइट आपल्या डोळ्याला लख्ख दिसतो, पण त्या शेवाळाला पाहिजे तसला निळा उजेड त्यात कमी असतो, अन् खालपर्यंत तर पोचतच नाय. मी पण दुकानात स्वस्तवाले विकलेत. नुसते मासे असले तर त्यात भागतं. ती हिरवी बटणं आहेत ना, बटणाएवढी गोल कोरलं, दगडावर गुच्छानं उगवलेली, ती पण कसल्याही उजेडात जगतात. पण फांद्यांची कोरलं, जांभळ्या टोकांची, ती स्वस्त लाइटखाली मरतात. हळूहळू मरतात, म्हणून माणसाच्या ध्यानात येत नाय.

तर महागडाच घे. दुकान मोडल्याचे पैसे आईकडं आहेत. गंगापूरला जा अन् तिला सांग, माऊलीनं सांगितलंय.

तुला वाटंल, जेलात बसून हा लाइटची फर्माईश करतोय. पण सोमनाथ, बाहेर माझ्या हातचं जिवंत असं तेवढंच राहिलंय.

संस्कृतीला सांग, फुलं उठतील.

माऊली


बजाजनगर
२५ ऑक्टोबर २०२५

माऊलीदादा,

दिवाळी झाली. मावशीला गंगापूरला भेटून आलो, तब्येत बरी आहे. तुझ्या वाट्याच्या करंज्या तिनं आमच्याकडंच दिल्या.

तू सांगितलास तो लाइट आणला. महागडाच. फार चांगला आहे. सकाळी हळूहळू उजाडतो, दुपारी चढतो, संध्याकाळी परत निळा होत जातो. मोबाइलवरून कमी-जास्त करता येतो. बघणारा बघत राहतो. तू काळजी करू नकोस.

फक्त एक विचारायचं होतं. फांद्यांची टोकं पांढरी पडायला लागलीत आणि बुडाशी तपकिरी झालंय. नवीन लाइटला असं होतं का? काय करू?

ज्ञानेश्वरीचा नमस्कार.

सोमनाथ


४ नोव्हेंबर २०२५

सोमनाथ,

महागडा आणलास, माझ्या जिवाला थंडावा मिळाला. तुझे उपकार कसे फेडू?

टोकं पांढरी पडली म्हणजे कोरल पोळलं. अंधारात ठेवलेल्या माणसाला एकदम दुपारच्या उन्हात उभं केलं तर काय होईल? तसंच. तो लाइट लई ताकदीचा असतो. आता असं कर, लाइट हातभर वर टांग. जेवढा वेळ चालू ठेवतोस त्याच्या निम्मा वेळ ठेव. महिनाभर असंच चालू दे. कोरलं घाबरलीत, त्यांना सावली पाहिजे.

बाकी काही करू नको. पाण्यात औषध टाकू नको, कुणाचं ऐकू नको. माझं ऐक.

माऊली


बजाजनगर
२२ नोव्हेंबर २०२५

माऊलीदादा,

तू सांगितलंस तसं केलं. लाइट वर टांगला, वेळ कमी केला. बरं आहे.

पाण्याला थोडा वास येतो असं ज्ञानेश्वरी म्हणते. मी म्हटलं, समुद्र म्हटला की वास असायचाच. संस्कृतीला सध्या टाकीजवळ जाऊ देत नाही, तिची चाचणी परीक्षा आहे.

कंपनीत काम फार आहे. जास्त लिहीत नाही.

सोमनाथ


२ डिसेंबर २०२५

सोमनाथ,

तुझं एवढंसं पत्र चार वेळा वाचलं. टोकांचा रंग परत आला का, बटणं उघडतात का, मासे कुठं बसतात, काहीच लिहिलं नाहीस. मला वाटतं ज्ञानेश्वरी वैतागली असंल. बैठकीत परक्याची टाकी, वास, विजेचं बिल. तिला सांग, जास्त दिवस राहिले नाहीत.

कारण ऐक. माझा फर्लो मंजूर व्हायच्या बेतात आहे. जानेवारीत काही दिवस सुट्टीवर बाहेर यायला मिळंल, मग परत हजर व्हायचं. गंगापुरात त्या बांधावाल्यांमुळं पोलीस राहू देत नाहीत, म्हणून पत्ता तुझ्या घराचा दिलाय अन् जामीनदार म्हणून तुझं नाव. घरी चौकशीला पोलीस येतील. घाबरू नको, सही कर.

आलो की आंघोळ करीन अन् टाकीसमोर बसंन. तेवढा वेळ मला कुणी काही विचारू नका. बाकी गप्पा मग.

माऊली


बजाजनगर
१६ डिसेंबर २०२५, मंगळवार

माऊलीदादा,

पोलीस येऊन गेले. मी सही केली. तू येणार म्हणून आम्हाला आनंदच आहे.

टाकीत थोडं शेवाळ झालंय. थोडं नाही, बरंच झालंय, केसांसारखं लांब. पण तू काळजी करू नकोस, तू येईपर्यंत सगळं चकचकीत करून ठेवतो. मोबाइलवर एकाचा व्हिडिओ बघितला. दगड बाहेर काढायचे, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि ब्रशनं घासायचं. शेवाळ मुळासकट जातं म्हणतो.

रविवारी मला सुट्टी आहे. ज्ञानेश्वरीकडं पाहुण्यांचं मोठं पातेलं आहे, त्यात स्वयंपाकघरातच करतो. बटणांचे दगड सगळ्यांत जास्त बरबटलेत. बटणं लई माजलीत, दुसऱ्या दगडांवर चढलीत. तीही खरवडून काढतो, म्हणजे टाकी मोकळी दिसेल. थंडी खूप आहे, खिडक्या लावलेल्याच असतात, त्यामुळं पाणी लवकर निवायचं नाही.

तू येशील तेव्हा बघच.

सोमनाथ


२२ डिसेंबर २०२५, सोमवार

सोमनाथ,

दगडाला हात लावू नको. पाणी उकळू नको.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. तू रविवार लिहिलास. रविवार काल झाला. तरी मी हे लिहितोय, कारण न लिहिता मला बसवत नाय.

त्या हिरव्या बटणांच्या अंगात विष असतं. टाकीत असली तर काही करत नाहीत, मासे त्यांच्यावरून फिरतात. पण त्यांना उकळतं पाणी लागलं की ते विष वाफेत उतरतं, अन् ती वाफ छातीत गेली की माणूस मरू शकतो. मला माल देणाऱ्यानं पहिल्या दिवशीच बजावलं होतं, बटणांना गरम पाणी दाखवायचं नाय. मी तुला सांगितलं नाय, कारण तू दगड बाहेर काढशील असं माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नाय. अन् खिडक्या लावून, पोरगी घरात असताना!

पत्र वाचलं अन् जेवणाच्या रांगेतून तसाच ऑफिसकडं पळालो. शिपायानं धरलं, मी त्याला ढकललं. चूक झाली. दोघा-तिघांनी मिळून खाली पाडलं. मी ओरडत राहिलो, "माझ्या भावाच्या घरात विष झालंय." जेलरसाहेब बाहेर आले. म्हणाले, "तुझं डोकं फिरलं का? सुट्टीच्या तोंडावर असलं वागतात?" मी पत्र पुढं केलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. म्हणाले, "दगडात कसलं विष?" मी म्हटलं, "साहेब, मला नंतर काय पाहिजे ती शिक्षा द्या. आधी फोन लावा."

माझ्या फर्लोच्या कागदावर जामीनदार म्हणून तुझा नंबर होता. त्यांनी लावला. फोनचा आवाज मोठा केला, म्हणजे मला ऐकू यावं. नुसती रिंग वाजत राहिली. परत लावला. परत रिंग. सोमनाथ, तू फोन उचलत का नव्हतास?

मग साहेबांनी तुमच्या भागातल्या ठाण्याला फोन केला. मी सांगितलेलं सगळं त्यांनी तिकडं लिहून घ्यायला लावलं. म्हणाले, माणूस पाठवतायत. आता मला बराकीत आणून बसवलंय. पुढचं कोण सांगणार मला?

हे पत्र तुझ्याच हातात पडू दे.

माऊली


२९ डिसेंबर २०२५

माऊली भावजी,

हे पत्र मी, ज्ञानेश्वरी, लिहितेय. अक्षर बघून दचकू नका. हे आहेत. पण अजून दवाखान्यातच आहेत.

तुमचं पत्र शेजारच्यांनी आणून दिलं. फोन का उचलला नाही ते सांगते. फोन घरी राहिला होता आणि आम्ही तिघंही इथं होतो.

रविवारी सकाळी यांनी दगड काढले. मी म्हटलं होतं, गच्चीवर करा. पण एवढं गरम पाणी वर कोण नेणार? स्वयंपाकघरात वाफच वाफ झाली. घाण वास होता, म्हणून मी बैठकीत संस्कृतीजवळ येऊन बसले. ती चित्र काढत होती. हे आत घासत होते. दुपारी जेवायला बसलो तर प्रत्येक घास कडू. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायला लागलं. संस्कृती म्हणाली, "आई, ताट कसंतरी लागतंय." मी तिला रागावले, नाटकं करू नको म्हटलं.

संध्याकाळी हे थरथरायला लागले. ताप, खोकला. मला वाटलं थंडी बाधली. मग मलाही हुडहुडी भरली. मग पोरगी. तिची छाती नुसती वर-खाली. बरगड्या दिसत होत्या, भावजी. बोलायला गेली तर शब्द अर्धा तुटायचा. खालच्या मजल्यावरच्या काकासाहेबांनी त्यांच्या गाडीत घालून आणलं.

डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं, गॅस गळत होता का, घरात औषध फवारलं का. आम्ही सगळ्याला नाही म्हणत होतो. दगडांचं आमच्या डोक्यातच आलं नाही. निमोनिया धरून उपचार चालू होते, पण तिघांना एकदम कसा, हे त्यांनाही कळत नव्हतं. यांच्या हृदयाचे ठोके मधेच चुकायला लागले.

सोमवारी संध्याकाळी काकासाहेबांकडं चौकशी करून एक पोलीस इथं आला. वॉर्डात पोलीस बघून मला वाटलं, यांचंच काही झालं. त्यानं खिशातून कागद काढला आणि डॉक्टरांना वाचून दाखवला. डॉक्टरांनी तो हातात घेऊन परत वाचला. मग धावपळ झाली. औषधं बदलली, यांच्या छातीला तारा लावून सतत बघत राहिले. या विषाला उतारा नाही म्हणाले, शरीराला सांभाळत राहायचं. संस्कृतीचा ऑक्सिजन परवा काढला. ती बोलते आता. मला थोडा खोकला आहे. हे उठून बसतात, पण दहा पावलं चाललं की धाप लागते.

आता दुसरं सांगते. यांनी तुम्हाला खोटं लिहिलं. महागडा लाइट आणलाच नाही. स्वस्तातला तो काळा डबा आणला. हे गंगापूरला गेले होते. मावशींनी डब्यातले पैसे काढून समोर ठेवले आणि विचारलं, "कशाला रे, वकिलाला का?" यांनी ते पैसे तसेच मागं सारले. पोरगा जेलात आणि त्याच्या टाकीच्या दिव्यासाठी त्याच्या आईचे पैसे न्यायचे? तसेच परत आले. तुम्हाला कळवा म्हटलं तर म्हणाले, "त्याला तेवढाच आधार आहे. आत बसून झुरत राहील." मग तुमचं पत्र आलं, लाइट वर टांगा, वेळ कमी करा. यांना दिसत होतं की कोरलांना उजेडच कमी पडतोय. पण सांगायचं कसं? तुम्ही म्हणाल तसं करत गेले. फांद्यांची कोरलं नोव्हेंबरातच मेली, भावजी. तुम्ही येणार हे कळल्यापासून हे धड जेवले नाहीत. मेलेलं तुम्हाला दिसू नये म्हणून सगळं घासायला घेतलं होतं.

घराला कुलूप आहे, किल्ली काकासाहेबांकडं आहे. उकळलेले दगड बादलीत तसेच पडलेत. टाकीत बटणांचे आणखी दगड आहेत. लाइट घड्याळावर लावलाय, आपोआप लागतो आणि विझतो. मी त्या घरात पाय ठेवणार नाही. पोरीला तर नाहीच नाही. इथून सुटलो की माझ्या माहेरी, लासूर स्टेशनला जाणार.

त्या टाकीचं काय करायचं ते सांगा. लाइट बंद करायला माणूस पाठवू का?

ज्ञानेश्वरी


५ जानेवारी २०२६

ज्ञानेश्वरी,

पोरगी बोलते हे वाचलं अन् पुढची अक्षरं दिसेनात. शेजारच्या कैद्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. तुम्ही तिघं आहात. बाकी सगळं चुलीत जाऊ दे.

कुणालाही पाठवू नको. लाइट बंद करायचा नाय, पंप बंद करायचे नाहीत. बटणं जिवंत अन् पाण्यात आहेत तोवर काही करत नाहीत. ती टाकीत मेली, सुकली अन् कुणी अडाण्यानं घासायला घेतली, तर परत तेच. काकासाहेबांना सांग, किल्ली कुणाला द्यायची नाय अन् खिडकीतूनसुद्धा आत डोकवायचं नाय.

फर्लो रद्द होईल असं वाटलं होतं, शिपायाला ढकललं म्हणून. पण साहेबांनी तो शिपाई अन् मला समोरासमोर उभं केलं. शिपाई म्हणाला, "साहेब, मला लागलं नाय." मला ताकीद मिळाली अन् सुट्टी राहिली. पुढच्या आठवड्यात सुटतोय. त्या घरात मी जाईन. दुसऱ्या कुणाचं ते काम नाय.

सोमनाथला एक विचार. त्यानं खोटं लिहिलं ते माझी कीव करून, का मला भिऊन? मी माणसाचं डोकं फोडून आत आलोय, भीती वाटली तर त्याचा काय दोष? पण लहानपणी हाच सोमनाथ माझ्या पाठीवर बसून विहिरीत उतरायचा. मला वाटायचं, जगात एक तरी माणूस मला भीत नाय. तुझं पत्र आल्यापासून इथं हाच विचार करतोय. त्यानं नुसतं लिहिलं असतं, दादा, नाय जमलं, तर मी चार दिवस रुसलो असतो. बस्स. अन् मीही कसा? प्रत्येक पत्रात टाकी, टाकी, टाकी. तुमच्या घरात माणसं राहतात हे मला आठवलंच नाय.

त्याला बरा होऊ दे, मग विचार.

माऊली


लासूर स्टेशन
१० जानेवारी २०२६

दादा,

परवा दवाखान्यातून सोडलं. ज्ञानेश्वरीनं तुझं पत्र दाखवलं. धाप लागते, म्हणून थांबत थांबत लिहितोय.

तू तिथं जाऊ नकोस. काकासाहेबांचा फोन आला होता. म्हणतात पंप घुरघुरतोय, जिन्यात आवाज येतो. टाकीतलं पाणी आटून खाली गेलं असणार. वरचे दगड उघडे पडले असतील. बिल्डिंगमधले लोक जिन्यातून जाताना नाकाला रुमाल लावतात. आत काय झालंय कुणालाच ठाऊक नाही.

मी त्या वाफेत उभा होतो, मला माहीत आहे ते कसं असतं. श्वास घ्यायचा म्हटलं तर छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं होतं. समोर पोरगी गुदमरतेय आणि आपल्याला उठता येत नाही. तू एकटा आत पडलास तर कळणारसुद्धा नाही कुणाला. मी ठाण्यात जाऊन जामिनाची सही मागं घेऊ का? म्हणजे तुला सोडणार नाहीत. तू तिथंच राहा. तिथं जिवंत तरी राहशील.

तुला भिऊन नाही, दादा. तू रडशील याला भिऊन.

सोमनाथ


५ फेब्रुवारी २०२६

सोमनाथ, ज्ञानेश्वरी,

सुट्टी संपवून परत हजर झालो. सोमनाथ, तुझं दहा तारखेचं पत्र मला आता, परत आल्यावर मिळालं. आधी मिळालं असतं तरी गेलोच असतो.

काय केलं ते सांगतो, म्हणजे तुमच्या मनात काही राहणार नाय.

ठाण्यात हजेरी लावली, काकासाहेबांकडून किल्ली घेतली. तोंडाला कारखान्यात रंगकाम करणारे लावतात तसला फिल्टरचा मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. कुलूप उघडताना मीही भ्यालो, खोटं कशाला सांगू. आधी सगळ्या खिडक्या उघडल्या अन् गच्चीवर जाऊन बसलो. नुसता वारा खेळू दिला.

मग आत गेलो. टाकीत पाणी निम्म्यावर आलं होतं. जांभळ्या फांद्यांची नुसती हाडं उरली होती. अन् त्यांच्यावर, खाली, बाजूला, जिकडं बघावं तिकडं ती बटणं. हिरवीगार, सगळी उघडलेली, त्या तुझ्या काळ्या डब्याच्या उजेडात. मला जे जगवायचं होतं ते मेलं होतं अन् ज्यानं तुमचा जीव घेतला असता ते बहरलं होतं. अन् काय सांगू, दिसत छान होतं. मी थोडा वेळ उभा राहिलो. जास्त नाय.

एक मासा उरला होता, तो माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाला दिला. मग टाकीत थंड पाण्यात कपड्यांचं ब्लीच मिसळून ओतलं. त्यानं ते विष मरतं. दगड त्यातच बुडवून ठेवले, बादलीतलेही. दगड एकदाही घासले नाहीत. बटणं आकसली, मग पांढरी पडली. माझ्या हातानं वाढवलेलं शेवटचं तेवढंच होतं, ते मीच मारलं. वाईट वाटलं, पण हात थांबला नाय. नंतर सगळं ओल्यातच दुहेरी पिशव्यांत बांधून, वर 'विष आहे, उघडू नका' अशी चिठ्ठी लावून कचऱ्याच्या गाडीत घातलं. पातेलं फेकलं. ओटा, फरशी, भिंती ब्लीचच्या पाण्यानं पुसल्या. पडदे जाळायची भीती वाटली, ते पण बांधून टाकले. लाइट मी स्वतः काढला अन् टाकी काच-भंगारवाल्याला दिली. बैठकीत आता मोकळी भिंत आहे.

हे सगळं तीन-चार दिवसांत झालं. पुढचे दिवस कुठंही जाता आलं असतं. आई गंगापूरहून आली होती. तिला मी वर येऊ दिलं नाय. खाली चहाच्या टपरीवर बसलो दोघं. रोज येते म्हणाली, मी नको म्हटलं. ती रडली. "माझ्यापेक्षा ते घर जवळचं का?" म्हणाली. मी म्हटलं, "आई, तिथं एक पोरगी राहायला येणार आहे. आधी मला तिथं राहून बघू दे."

मग राहिलो. मास्क काढला. तुमच्याच ओट्यावर भाकरी थापल्या, पाणी उकळलं, वाफेत तोंड घालून उभा राहिलो. खिडक्या लावून झोपलो. ज्या कोपऱ्यात संस्कृती चित्र काढत होती म्हणालीस, तिथंच अंथरूण टाकलं. सुरवातीला खोकला आला की घाम फुटायचा. मग कळलं, तो नुसता खोकला आहे. सुट्टी संपेपर्यंत त्याच घरात श्वास घेतला. परत आल्यावर इथल्या डॉक्टरला सांगून छाती तपासून घेतली. काही नाय.

सोमनाथ, मी रडलो. पण टाकीसाठी नाय.

आता घरी जा.

माऊली


बजाजनगर
१२ फेब्रुवारी २०२६

माऊली भावजी,

तुमचं पत्र आल्यावर हे दोन दिवस "चल" म्हणत होते आणि मी काही ना काही काम काढत होते. शेवटी काल निघालो.

जिना चढताना यांना दोनदा बसावं लागलं. दारापाशी आल्यावर मी म्हटलं, तुम्ही दोघं इथंच पायरीवर बसा. संस्कृतीनं यांचा हात घट्ट धरला होता. मी एकटी आत गेले. दार लावून घेतलं, खिडक्या लावलेल्याच होत्या. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभी राहिले. जेवढा आत घेता येईल तेवढा श्वास घेतला, आणि सोडला, आणि परत घेतला. बाहेरून हे हाका मारत होते, "ज्ञानेश्वरी, बोल काहीतरी." मी छोट्या पातेल्यात पाणी घेतलं, उकळायला ठेवलं, आणि वाफ यायला लागल्यावरही तिथंच उभी राहिले.

मग दार उघडलं आणि पोरीला आत बोलावलं.

ज्ञानेश्वरी